अण्णांची हरकत

सुकुमार भूपाल मगदूम यांच्या मृत्यूला पहिली लेखी हरकत घेतली ती सुकुमार भूपाल मगदूम यांनीच.

स्वरूपाने तो मजकूर जयसिंगपूरच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून फोनवर वाचला. 'सदर करदाता मयत असल्याची नोंद आम्हांस मान्य नाही. नोंद एकतर्फी असून करदात्यास म्हणणे मांडण्याची संधी देण्यात आलेली नाही. सबब सुनावणी व्हावी.' खाली अण्णांची सही, शेवटच्या अक्षराला दिलेल्या लांबलचक शेपटीसकट. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली आणि दूध उतू गेलं.

आईने पुढे होऊन गॅस बंद केला. "काय आलंय?"

"अण्णांचं उत्तर."

"कशाला?"

"ते गेले असं आपण कळवलं होतं ना, त्याला."

आईने ओटा पुसायला घेतला. "मग? काय म्हणतात?"

"मान्य नाही म्हणतात."

"त्यांना कधी काय पहिल्या फटक्यात मान्य झालंय?" आई म्हणाली आणि फडकं पिळून परत पुसू लागली.

अण्णा मार्चमध्ये मिरजेच्या दवाखान्यात गेले. हृदय, दोन दिवसांत सगळं संपलं. तीस वर्षं त्यांनी जयसिंगपुरात कर सल्लागार म्हणून काम केलं. आडते, यंत्रमागवाले, डॉक्टर, द्राक्षबागायतदार, सगळे त्यांच्याकडे यायचे. कुठल्याही नोटिशीला पहिल्या दिवशीच हरकत घ्यायची, ही त्यांची पद्धत होती. चूक आपली असली तरी घ्यायची. "आधी दार अडवायचं," ते म्हणत, "मग आत काय आहे ते बघायचं." स्वरूपाने बारावीनंतर स्थापत्य अभियांत्रिकीला जायचं ठरवलं तेव्हाही त्यांनी आधी हरकतच घेतली होती, आणि मग स्वतःच तिला वसतिगृहात सोडायला आले होते.

आता ते नव्हते आणि त्यांची पद्धत होती.

याला कारण 'चालू कर'. सात वर्षांपूर्वी तो आला आणि वर्षाच्या शेवटी विवरणपत्र भरणं बंद झालं. पगार, दुकानाचा गल्ला, शेअरवरचा लाभांश, परदेशात गुंतवलेले पैसे, जे हातात येईल त्यावर तिथल्या तिथे कर कापला जाऊ लागला. पण दर कुठला लावायचा? दर ठरतो वर्षभराच्या मिळकतीवर, आणि वर्ष तर अजून संपलेलं नसतं. म्हणून सरकारचं यंत्र अंदाज बांधतं. हा माणूस उरलेल्या महिन्यांत किती कमावेल, देशात राहील की बाहेर जाईल, काय विकेल, काय धरून ठेवेल. हवामानाचा अंदाज बांधतात तसाच, फक्त ढगाच्या जागी माणूस.

सरकारच्या बाजूने यंत्र अंदाज बांधणार, तर करदात्याच्या बाजूनेही कोणी नको का, असा आरडाओरडा झाला. मग प्रत्येक रहिवाशाला एक मुखत्यार मिळाला. मुखत्यार म्हणजे एक शिकणारी प्रणाली. ती कोरी येते आणि मालकाच्या निर्णयांवर वाढते. तुम्ही कधी विकता, कधी थांबता, कुठे वाद घालता, कुठे सोडून देता, हे पाहून ती तुमच्यासारखं ठरवायला शिकते. बोलण्याची वेळ आली तर तुमच्याच आवाजात बोलते. ती स्वतःला तुम्ही समजत नाही. तुम्हाला ती 'माझे अशील' म्हणते. बहुतेकांचे मुखत्यार मुखदुर्बळ राहिले, कारण बहुतेक लोक कराच्या बाबतीत मुखदुर्बळच असतात. अण्णांनी मात्र आपल्या मुखत्याराला तीस वर्षांच्या फायली वाचायला घातल्या, होतकरू ज्युनिअरला घालाव्यात तशा. "पोरगं चलाख आहे," ते आईला सांगायचे.

ते चलाख पोरगं आता आपल्या अशिलाला मरू देत नव्हतं.

दवाखान्याचा दाखला, नगरपालिकेचा दाखला, सगळं स्वरूपाने एप्रिलमध्येच लावलं होतं. पण परदेशात पैसा ठेवलेले काही हुशार लोक मध्यंतरी कागदावर मरायला लागले होते. तेव्हापासून दाखला हा अनेक संकेतांपैकी एक संकेत झाला होता. यंत्र बाकीचे संकेतही बघायचं. अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला घरी येत होत्या. वर्तमानपत्र चालू होतं. त्यांचे रोखे वेळच्या वेळी मोडून नव्याने गुंतवले जात होते. या सगळ्याची व्यवस्था मुखत्यारच बघायचा, आणि या सगळ्याकडे बोट दाखवून अशील हयात आहेत असं तोच सांगत होता.

सुनावणीचा नियम तर अण्णांनीच मिळवलेला. हेरवाडच्या इंदुबाई चौगुले चंदगडला लेकीकडे राहायला गेल्या आणि चार महिने फोनला हात लावला नाही, म्हणून यंत्राने त्यांना मयत ठरवलं. औषधं बंद, बँक बंद. अण्णा एसटीने चंदगडला गेले, बाईंना घेऊन आले आणि थेट अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसवलं. "साहेब, ही मयत बाई. आधी हिला चहा सांगा, मग कामकाज." त्यावर निकाल लागला की करदात्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोणालाही मयत ठरवू नये. पुढे तो देशभर लागू झाला. अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले होते.

स्वरूपाला ते पेढे आठवले. तिने एक जास्तीचा खाल्ला होता.

*

कर अधिकारी वृषाली देवकाते चाळिशीच्या होत्या. बोलताना पेनाचं टोपण उघडायची आणि लावायची त्यांना सवय होती.

"मॅडम, ते गेलेत हे मला माहितीय," त्या म्हणाल्या. "अंत्यविधीला मी होते."

"मग तसं लिहा ना."

"मी त्यांची विरुद्ध पक्षकार. माझी साक्ष त्यांच्याविरुद्ध चालत नाही." त्यांनी टोपण लावलं. "हाही मुद्दा त्यांनीच एकदा माझ्याविरुद्ध जिंकलाय."

"आणि तोपर्यंत माझ्या आईने काय करायचं? तिची बहीण निपाणीत एकटी आहे. पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन. मावशीला मूल नाही, दुसरं कोणी बघायला नाही."

"त्यांनी पत्ता सोडला तर दोघांची खाती गोठतील. औषधाचं कार्डसुद्धा. हयातीचा वाद चालू असेपर्यंत सोबत्याने जागा सोडायची नाही, असा नियम आहे."

"हाही अण्णांचा का?"

"नाही," देवकाते म्हणाल्या. "एवढा एक आमचा."

*

पहिल्या सुनावणीला स्वरूपा तयारीने गेली. ती नाशिकला धरणांच्या सुरक्षिततेचं काम करायची. धरणाच्या भिंतीत पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं बसवलेली असतात, ती रोज आकडे पाठवतात. त्यातलं एखादं मरतं, पण मेलेलं यंत्र गप्प बसेलच असं नाही. काही यंत्रं शेवटचा आकडा धरून बसतात आणि तोच, किंवा त्याच्या आसपासचा, वर्षानुवर्षं पाठवत राहतात. कार्यालयात बसलेल्याला वाटतं, भिंत ठणठणीत आहे. ओळखायचं कसं? जिवंत यंत्राचा आकडा थोडा थरथरतो. ऊन चढलं, पाणी सोडलं, शेजारून ट्रक गेला, तरी हलतो. मेलेलं यंत्र फार शहाण्यासारखं वागतं.

तिने देवकातेंच्या खोलीतल्या पडद्यावर आलेख लावला. मार्चपर्यंत अण्णांच्या खर्चाची रेघ वेडीवाकडी होती. मध्येच सगळ्या गल्लीसाठी आंब्याच्या पेट्या. घरात दोन छत्र्या असताना तिसरी. पेपरवाल्याशी भांडण, महिनाभर पेपर बंद, परत चालू. मार्चनंतर रेघ सरळ. गोळ्या, पेपर, दूध.

"हा माणूस थरथरायचा थांबलाय," ती म्हणाली. "मार्चनंतरचा प्रत्येक संकेत मुखत्याराने स्वतः निर्माण केलाय आणि स्वतःच पुरावा म्हणून दाखवलाय."

टेबलावरच्या स्पीकरमधून घसा खाकरल्याचा आवाज आला. स्वरूपाने खुर्चीचा हात धरला. आवाजाची तयारी तिने ठेवली होती. खाकरण्याची नव्हती.

"अर्जदार बाईंनी मेहनत घेतली आहे," मुखत्यार म्हणाला. "पण उतारवयात राहणी नियमित होणं हा मृत्यूचा पुरावा मानला, तर या तालुक्यातले निम्मे पेन्शनर आजच मयत ठरतील."

देवकातेंनी खाली बघून टोपण लावलं.

"दुसरं. आपले व्यवहार प्रतिनिधीवर सोपवणं हा करदात्याचा हक्क आहे. माणूस निवांत बसला म्हणून तो गेला असं होत नाही. तिसरं. आलेखाच्या आडव्या रेषेवर महिन्यांची नावं नाहीत."

स्वरूपाने पडद्याकडे पाहिलं. खरंच नव्हती. शाळेतल्या भूगोलाच्या वहीपासून अण्णा हीच चूक काढत आले होते.

"चौथं आणि महत्त्वाचं. घरातल्या सोबत्याला रोज सकाळी फोनवर विचारलं जातं, करदाता घरी आहेत का. त्यांनी आजवर एकदाही नाकारलेलं नाही."

"हे खोटं आहे," स्वरूपा म्हणाली. "आई रोज उत्तर देते."

देवकातेंनी नोंदी उघडल्या आणि पडदा हळूच तिच्याकडे वळवला. मार्चपासून सगळ्या जागा रिकाम्या होत्या. "उत्तर आलं नाही तर आक्षेप नाही असं धरतात," त्या म्हणाल्या.

"सबब अर्ज फेटाळावा," मुखत्यार म्हणाला. "आणि उशीर झाला आहे. माझे अशील जैन आहेत, त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचं असतं. पुढची तारीख मिळावी."

देवकातेंनी कपाळाला हात लावला आणि पुढची तारीख दिली.

*

"आई, तू त्याला उत्तरच देत नाहीस?"

आई ताटात डाळ निवडत होती. "कशाला?"

"सकाळी विचारतं त्याला."

"त्यात तीनच उत्तरं दिलीत. घरी आहेत. नाहीत, परततील. नाहीत, परतणार नाहीत." आईने एक खडा काढून बाजूला ठेवला. "पहिली दोन खोटी."

"आणि तिसरं खरं आहे."

"म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी ते दाबायचं? तू दाब."

"मला चालत नाही. सोबती म्हणून तुझं नाव आहे. आई, तू ते दाबत नाहीस म्हणून आपण हरतोय. पद्मामावशी तिकडे वाट बघतेय."

"मला कळतं," आई म्हणाली. "हात फोनपर्यंत जातो, स्वरू. पुढं जात नाही."

स्वरूपाला रागावता येईना आणि न रागावताही येईना. ती उठून गच्चीवर गेली आणि रॉटरडॅमला भावाला फोन लावला. आईला समजावायला त्याने मदत करावी एवढंच तिला हवं होतं.

"बंद कशाला करायचं पण?" अभिनंदन म्हणाला. "कोणाला त्रास होतोय त्याचा?"

"आईला होतोय. मला होतोय. मी बिनपगारी रजेवर आहे, अभी, आणि रोज अण्णांशी भांडतेय. जिवंत असताना वर्षातून दोनदा भांडायचो."

मग तो म्हणाला, "मी रविवारी त्याच्याशी बोलतो."

"कोणाशी?"

"मुखत्याराशी. तू हसशील. गुंतवणुकीचा प्रश्न विचारला की बोलतो तो. मी विचारलं, इथं घर घेऊ का. म्हणाला, अजून दोन वर्षं थांब. अण्णा हेच म्हणाले असते."

"अण्णा आठ वर्षं हेच म्हणत होते."

"तेच तर."

स्वरूपाने कठड्याला टेकून खालच्या गल्लीकडे पाहिलं. "अभी, तू फोन केलास की अण्णा सगळ्यात आधी काय विचारायचे?"

"तिथं आज ऊन पडलं का."

"हा विचारतो?"

"नाही," अभिनंदन म्हणाला. "मी एकदा आपणहून सांगितलं, आज ऊन पडलंय. तर म्हणाला, याचा करपात्र उत्पन्नाशी संबंध स्पष्ट करावा."

स्वरूपाला हसू फुटलं. तोही हसला.

"आईला जाऊ दे निपाणीला," शेवटी तो म्हणाला. "बंद कर त्याला."

बंद करणं हातात असतं तर चार महिने कशाला गेले असते, हे तिने त्याला सांगितलं नाही.

*

रस्त्याकडची पुढची खोली म्हणजे अण्णांचं कार्यालय. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरूपा तिथे गेली तेव्हा आई टेबलासमोरची खुर्ची पुसत होती. वेताची बैठक, बिनहाताची, सागवानी. ही अशिलाची खुर्ची. अण्णा स्वतः त्यात कधी बसत नसत.

"रोज पुसतेस?"

"सवय. सकाळी माणसं यायची." आईने पाठ पुसली, मग पाय. "इचलकरंजीचा तो मोठा गिरणीवाला आठवतो का? आधी मॅनेजर पाठवला, मग जावई पाठवला. यांनी फाईलच उघडली नाही. म्हणाले, मालक या खुर्चीत येऊन बसू देत, मग बघू. मी म्हटलं, एवढं मोठं काम जाईल हातचं. तर म्हणाले, न बघितलेल्या माणसाचं काम मी करत नाही. तोंड बघितल्याशिवाय खरं-खोटं कसं कळायचं?"

"आला तो?"

"आला की. चार वाजता येऊन बसला. चहा पिऊन गेला."

स्वरूपा कपाटाकडे गेली. अण्णांच्या जुन्या फायली तिथे ओळीने उभ्या होत्या. तिने एक काढली, मग दुसरी, मग मधूनच कुठली तरी तिसरी. प्रत्येकीची पहिली ओळ एकच होती, हेही सगळं घर जाणून होतं, इतकं की कोणाच्या ते लक्षातही राहिलं नव्हतं. 'अशील समक्ष भेटले.' याच फायलींवर ते चलाख पोरगं वाढलं होतं. हरकत कशी घ्यायची हे ते शिकलं होतं, म्हणजे हेही शिकलं असणार. फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं.

मेलेल्या यंत्राचा आलेख दाखवून काही होत नाही, हे धरणावर काम करताना तिला कितीदा तरी कळलं होतं. शेवटी कोणालातरी खाली भुयारात उतरून भिंतीला हात लावून बघावं लागतं.

"आई," ती म्हणाली, "ही खुर्ची गाडीत मावेल का?"

*

मावली, मागच्या सीटवर, आडवी. पण गाडी सुरू होताच टुंग-टुंग वाजायला लागलं आणि गाडी गोड आवाजात म्हणाली, "मागील प्रवाशाने सुरक्षा पट्टा बांधावा."

"प्रवासी नाही, खुर्ची आहे," स्वरूपा म्हणाली.

"मागील प्रवाशाने सुरक्षा पट्टा बांधावा."

"तिथं कोणी नाहीये!"

"कशाला तोंडी लागतेस त्याच्या?" आई म्हणाली. "वाजू दे." तालुक्याच्या कार्यालयापर्यंत ते वाजत राहिलं.

देवकातेंनी खुर्ची पाहिली आणि काही विचारलं नाही. शिपायाला सांगून टेबलासमोर जागा करून दिली. ती खुर्ची त्यांनी पूर्वीही पाहिली असावी. आई भिंतीकडेच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"मुखत्यारसाहेब," स्वरूपा म्हणाली, "आज माझा आलेख नाही. एकच प्रश्न आहे. या कामाच्या फायलीची पहिली ओळ वाचा."

"कोणती ओळ?"

"तुमच्या कार्यालयाच्या प्रत्येक फायलीत असते ती."

स्पीकर खाकरला नाही. एवढा उशीर त्याला उत्तर द्यायला आजवर लागला नव्हता.

"अशील समक्ष भेटले," तो म्हणाला. "या फायलीत ती ओळ नाही."

"का नाही?"

"काम कार्यालयाच्या मालकांचं स्वतःचं आहे. स्वतःला भेटल्याची नोंद करण्याची पद्धत नव्हती."

"आता वाद त्यांच्या हयातीचाच आहे. इंदुबाईंच्या वेळी तुमच्या मालकांनी काय केलं होतं?"

"हयातीचा वाद असलेल्या अशिलाला समोर बसवलं होतं."

"मग बसवा. खुर्ची आणलीय."

"कॅमेऱ्यात दिसते," मुखत्यार म्हणाला. "पण अशील घरी आहेत. सोबत्याने आजवर नाकारलेलं नाही."

देवकातेंनी बाकाकडे पाहिलं. स्वरूपाने पाहिलं नाही. आईला आणताना तिने काही समजावलं नव्हतं, विनवलं नव्हतं. नुसतं चल म्हणाली होती. आता आई गप्प राहिली असती तर खुर्ची उचलून परत जायचं, आणि मावशीला फोन करून काहीतरी सांगायचं, एवढंच उरलं होतं.

बाक करकरला. आई उठून खुर्चीजवळ आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"वकीलसाहेब," ती म्हणाली.

लग्नाच्या दिवसापासून त्या आवाजाला तिने 'अहो' म्हटलं होतं. दुसरं काही म्हणताना स्वरूपाने तिला कधी ऐकलं नव्हतं.

"मी त्रिशला मगदूम. तुम्ही रोज विचारता, मी सांगत नव्हते, ती माझी चूक. ते घरी नाहीत. ही खुर्ची मी रोज पुसते. मार्चपासून हिच्यात कोणी बसलेलं नाही आणि हिच्यासमोरही कोणी बसलेलं नाही. ते परत यायचे नाहीत." तिने पदराने खुर्चीच्या पाठीवरचा नसलेला डाग पुसला. "बास. एवढंच."

पंखा फिरत होता. देवकातेंचं पेन उघडंच राहिलं होतं.

"खुर्ची रिकामी आहे," मुखत्यार म्हणाला. मग थांबून, अण्णा निकाल वाचताना थांबायचे तसाच थांबून, "अशिलाला समक्ष न भेटता घेतलेलं काम हे कार्यालय चालवत नाही. हरकत मागे घेत आहे. अर्जदारांचा अर्ज मान्य व्हावा."

"मान्य," देवकाते म्हणाल्या. त्यांनी तसं लिहिलं आणि टोपण लावलं.

"अर्जदार बाईंना एक विनंती. आधीच्या आलेखावर महिन्यांची नावं घालून मगच तो दप्तरी द्यावा. आणि चहा आमच्याकडून. हरलो तरी रीत मोडायची नाही."

स्पीकरवरचा हिरवा दिवा गेला. स्वरूपा त्याच्याकडे बघत राहिली. त्याने 'स्वरू' म्हणावं असं तिला वाटत होतं का? वाटत असावं. त्याला ते कोणी शिकवलं नव्हतं. अण्णांनी ते कुठल्याही फायलीत लिहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने उपाहारगृहातल्या बाई ट्रेमध्ये तीन कप घेऊन आल्या. मगदूमसाहेबांची ऑर्डर म्हणून पटकन आले असं म्हणाल्या, आणि मग हातातलं यंत्र बघून घुटमळल्या.

"पैसे परत आले, मॅडम. खातेदार मयत असं दाखवतंय."

चार महिन्यांत हे वाक्य कुठल्याही यंत्राने म्हटलं नव्हतं. स्वरूपाने ते यंत्र हातात घेऊन एकदा वाचलं, परत दिलं आणि तीन चहांचे पैसे दिले. तिला आठवेना, अण्णांना तिने कधी चहा पाजला होता का. ते कधी पाजूच देत नसत.

आईने घोट घेतला. "साखर जास्त झालीय," ती म्हणाली. "त्यांना चालली नसती."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनने काही विचारलं नाही. आई चहा होईपर्यंत तो समोर ठेवून बसली होती. मग तिने तो पर्समध्ये टाकला, दुधाचं भांडं पालथं घातलं आणि दाराला कुलूप लावलं.

गाडीपाशी अभिनंदनचा फोन आला. झालं ते स्वरूपाने त्याला रात्रीच कळवलं होतं.

"मग आता रविवारी मी काय करू?" त्याने विचारलं.

"मला फोन कर."

"तू घर घेऊ नको म्हणशील."

"नाही म्हणणार. ऊन पडलं का ते मात्र विचारीन."

"चालेल," तो म्हणाला.

खुर्ची निपाणीला न्यायची असं आईनेच ठरवलं होतं. पद्माला ऑपरेशननंतर खाली बसता यायचं नाही आणि तिच्या घरातल्या खुर्च्या म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. स्वरूपाने ती कालच्यासारखीच मागे आडवी ठेवली आणि गाडी सुरू केली.

टुंग-टुंग. "मागील प्रवाशाने सुरक्षा पट्टा बांधावा."

"तिथं कोणी नाहीये," स्वरूपा म्हणाली. तिचा आवाज चढला. "काल सगळं सिद्ध करून झालंय. तिथं कोणीच नाहीये!"

"मागील प्रवाशाने..."

आईने दार उघडलं, उतरून मागे गेली, वाकून पट्टा ओढला आणि वेताच्या बैठकीवरून नेऊन टक् करून अडकवला. वाजायचं थांबलं.

"आई, अगं..."

"असू दे गं." आई पुढे येऊन बसली आणि तिने स्वतःचाही पट्टा लावला. "सगळ्यांशी किती भांडायचं? चल, पद्मा जेवायची थांबलीय."